चाल कोणाची, आवाज कोणाचा?

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेचे शीर्षकसंगीत नेमके कोणाचे, हा वाद गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा डोके वर काढतो आहे आणि आपल्याकडची इलेक्ट्रॉनिक संगीतात रमणारी तरुण मंडळीही त्यात हिरिरीने उतरताना दिसतात. एक पक्ष म्हणतो, चाल रॉन ग्रेनर यांनी लिहिली आणि डेलिया डर्बीशायर यांनी ती यंत्रांवर उतरवली; म्हणजे ग्रेनर संगीतकार, डर्बीशायर तंत्रज्ञ, यात भांडण्यासारखे काही नाही. दुसरा पक्ष म्हणतो, डर्बीशायर ही काळाच्या पुढची एकाकी प्रतिभावंत होती, तिच्या कल्पनेवर दुसऱ्यांनी नाव कमावले आणि संस्थेने तिला अंधारात ठेवले. मला हे दोन्ही पक्ष एकाच चुकीवर उभे असलेले दिसतात. दोघांनाही कर्तृत्वाच्या खुंटीवर एकच नाव टांगायचे आहे. माझे म्हणणे असे आहे की, ज्या संगीतात आवाज हीच रचना असते तिथे आवाज घडवणारी व्यक्ती चाल लिहिणाऱ्याइतकीच कर्ती असते, मग ती एक असो की चार. कोणी काय केले याची नोंद ठेवणे आणि ती श्रोत्यांना सांगणे हे सार्वजनिक प्रसारणसंस्थेचे कर्तव्य आहे. पगार दिल्याने ते संपत नाही आणि एखाद्या विस्मृत नायिकेचा उशिरा जयजयकार केल्याने ते पार पडत नाही.

वाद ज्या खोलीत जन्मला ती आधी पाहू. डर्बीशायर पुढे जिथे काम करू लागल्या ती बीबीसीची रेडिओफोनिक कार्यशाळा १ एप्रिल १९५८ रोजी लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओतल्या १३ क्रमांकाच्या खोलीत सुरू झाली. डॅफ्नी ओरॅम आणि डेझमंड ब्रिस्को या दोघांनी तिच्यासाठी खटपट केली होती. सॅम्युएल बेकेट यांच्या १९५७ सालच्या नभोनाट्याला लागणारे आवाज नेहमीच्या इफेक्ट्सच्या तबकड्यांत मिळेनात, ब्रिस्को यांनी ते टेपच्या साहाय्याने घडवले, आणि अशा कामाला स्वतंत्र जागा हवी हे नाट्यविभागाला पटले. नाट्यविभागाला पटले, हे महत्त्वाचे आहे. संगीतविभागाने या उद्योगापासून अंतरच राखले होते. म्हणून नावात ‘संगीत’ हा शब्द नाही. फ्रेंचांकडून उसना घेतलेला ‘रेडिओफोनिक’ आहे. या एका शब्दाच्या निवडीतून पुढची चाळीस वर्षे ठरून गेली. तिथे जे काही निर्माण होईल त्याला ‘विशेष ध्वनी’ म्हणायचे, तिथली माणसे संगीतकार नव्हेत तर साहाय्यक, आणि श्रेय द्यायचेच तर कार्यशाळेला द्यायचे.

आता ते शीर्षकसंगीत. १९६३ साली ग्रेनर यांनी दिला तो एक कागद होता. त्यावर चालीचे स्वर होते, खर्जाची आकृती होती आणि मध्ये मध्ये ‘वाऱ्याचे बुडबुडे’, ‘ढग’ अशा शब्दांत अपेक्षित आवाजांच्या सूचना होत्या. संगीतकार वाद्याचे नाव लिहितो तिथे ग्रेनर यांना ढग लिहावा लागला, कारण त्या आवाजाचे वाद्य अस्तित्वातच नव्हते. रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरचा पहिला नमुनाच १९६४ सालचा. डर्बीशायर यांच्या हाताशी होते ते प्रयोगशाळेत चाचणीसाठी वापरायचे ऑसिलेटर (विजेच्या साहाय्याने सलग सूर काढणारी उपकरणे), टेप यंत्रे, ब्लेड आणि चिकटपट्टी. खर्जासाठी एक तार छेडली आणि तो एकच आवाज टेपवर घेतला. टेपचा वेग दुप्पट केला की आवाज एका सप्तकाने चढतो, निम्मा केला की एका सप्तकाने उतरतो. मधले स्वर हवे तर मधले वेग मोजून काढावे लागतात. अशा रीतीने एका तारेच्या एका झंकारातून सगळे स्वर मिळवायचे आणि मग प्रत्येक स्वराची टेप कापायची. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा. मोजपट्टीने मोजायचे, पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि पुढच्या स्वराचा तुकडा त्याला चिकटवायचा. चालीचे स्वर ऑसिलेटरवरून एकेक करून घेतले, वाऱ्यासारखी फुसफुस ‘व्हाइट नॉइज’, म्हणजे सगळ्या उंचीचे स्वर एकत्र मिसळलेला खरखराट, गाळून मिळवली. एकावर एक थर मुद्रित करणारे मल्टिट्रॅक यंत्र नव्हते, म्हणून प्रत्येक थराची वेगळी टेप वेगळ्या यंत्रावर चढवून सगळी यंत्रे एकाच क्षणी सुरू करायची आणि ती एकमेकांना धरून चालतील अशी आशा करायची.

यातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. सगळे थर एकत्र वाजवले तेव्हा कुठेतरी एक स्वर चुकत होता, पण कोणत्या टेपवर ते कानांना कळेना. तेव्हा डर्बीशायर आणि त्यांचे साहाय्यक डिक मिल्स यांनी त्या टेपा मेडा व्हेलच्या लांबलचक व्हरांड्यात शेजारी शेजारी उलगडून अंथरल्या आणि जोडाला जोड जुळतो का हे पाहत चालत गेले. चूक डोळ्यांनी सापडली. संगीत जमिनीवर अंथरून, त्याच्या कडेने चालत ते तपासणाऱ्या या दोघांना ‘उतरवून घेणारे’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी विचारावे की, त्यांनी हे कशावरून उतरवले? कागदावर ढगाचा आवाज नव्हता. खर्जाचा तो लवचीक, किंचित धपापणारा सूर नव्हता. ते तयार झालेले संगीत ऐकून खुद्द ग्रेनर यांनीच, हे मी लिहिले आहे का, अशा अर्थाचा प्रश्न विचारल्याचे सर्वश्रुत आहे. ज्याच्या नावावर रचना आहे तोच जर ती ओळखायला अडखळत असेल, तर त्या अडखळण्याच्या जागेत दुसऱ्या कोणाचे कर्तृत्व उभे आहे हे उघड नाही का? ग्रेनर यांचा मोठेपणा असा की, त्यांना ते उघड दिसले आणि श्रेयात व मानधनात डर्बीशायर यांचा वाटा असावा असा त्यांनी प्रयत्नही केला. बीबीसीच्या नियमात ते बसले नाही. पडद्यावर ग्रेनर यांचे नाव आले आणि त्याच्यासोबत कार्यशाळेचे. डर्बीशायर यांचे नाव त्या संगीतासाठी पडद्यावर झळकले ते २०१३ साली, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात. त्यांना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.

विरोधी बाजूकडे खरोखर वजनदार मुद्दे आहेत आणि ते बाजूला सारून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला आणि माझ्या मते सर्वांत प्रबळ मुद्दा असा की, अनामिकता हे त्या खोलीचे कवच होते. आम्ही संगीत करतो असे कार्यशाळेने १९५८ साली जाहीर केले असते, तर संगीतविभागाने तिच्यावर हक्क सांगितला असता किंवा ती बंद तरी पाडली असती. वादकांच्या संघटनेने हरकत घेतली असती. आणि जेमतेम २,००० पौंडांच्या तरतुदीवर उभी राहिलेली, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या यंत्रांवर चालणारी ती खोली वर्षभरही टिकली नसती. आम्ही फक्त आवाज करतो, या बिरुदाखाली त्यांना हवे तितके मोकळे रान मिळाले. त्यांनी लाखो घरांत, मुलांच्या कार्यक्रमांत आणि शालेय प्रसारणात असे आवाज पोहोचवले की, जे मैफलीत ऐकवले असते तर लोक उठून गेले असते. हे मला मान्य आहे. पण या युक्तिवादातून फार तर एवढे सिद्ध होते की, त्या क्षणी गप्प बसणे शहाणपणाचे होते. ते मौन कायमचा नियम व्हावे, हे त्यातून कसे निघते? १९६८ साली कार्यशाळेच्या संगीताची तबकडी निघाली आणि तिच्यावर डर्बीशायर, जॉन बेकर व डेव्हिड केन यांची नावे छापली गेली. काही आभाळ कोसळले नाही. ‘डॉक्टर हू’मध्येही पुढे ‘विशेष ध्वनी’साठी कार्यशाळेतल्याच ब्रायन हॉजसन यांचे नाव येऊ लागले. म्हणजे नाव देता येत होते. धोका टळून गेल्यावरही शीर्षकसंगीतावरचे मौन पन्नास वर्षे टिकले, याला कवच म्हणता येत नाही. ती सवय होती.

आणि हा भेद कामाच्या स्वरूपातून आला होता की कार्यालयाच्या रचनेतून, हे तपासायला युरोपचा नकाशा पुरेसा आहे. पॅरिसमध्ये पिएर शेफर हे स्वतः नभोवाणीचे अभियंते होते. त्यांनी आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर घेऊन, फिरवून, पुन्हा पुन्हा वाजवून जे घडवले ते ५ ऑक्टोबर १९४८ रोजी प्रक्षेपित झाले, आणि त्यांनी त्याला बेधडक संगीत म्हटले, म्हणून आज ते संगीताच्या इतिहासात संगीतकार आहेत. कलोनच्या नभोवाणीतला स्टुडिओ १९५१ सालचा. तिथे जर्मन संगीतकार श्टॉकहाउझन महिनोन्‌महिने टेपचे तुकडे जोडत बसले आणि महान ठरले. मिलानच्या नभोवाणीने १९५५ साली स्टुडिओ उभारला. बेरिओ आणि मादेर्ना या संगीतकारांची नावे सर्वतोमुखी झाली, पण त्यांच्या आणि इतर अनेकांच्या कल्पना ज्याच्या हातांतून आवाजात उतरल्या त्या मारिनो झुक्केरी या तंत्रज्ञाचे नाव अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर कोणी घेत नाही. काम तेच, ब्लेड तेच, चिकटपट्टी तीच. ज्याच्या दारावर ‘संगीत’ अशी पाटी तो संगीतकार आणि ज्याच्या दारावर ‘नाट्य’ अशी पाटी तो मदतनीस, हा न्याय कोणत्या सौंदर्यशास्त्रात बसतो?

दुसरा आक्षेप पगाराचा. ही माणसे नोकर होती, ठरलेला पगार घेत होती, यंत्रे संस्थेची, वेळ संस्थेचा, मग निर्मितीही संस्थेची. यात मालकी आणि कर्तृत्व यांची सरमिसळ आहे, आणि ती आपल्याकडेही इतकी रुळली आहे की, तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा हा भेद स्पष्ट करतो. नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला हक्क सामान्यतः मालकाकडे जातो, हे कलम १७ सांगते. पण हक्क दुसऱ्याच्या हाती गेला तरी, ही कृती माझी आहे असे सांगण्याचा कर्त्याचा विशेष अधिकार शिल्लक राहतो, हे कलम ५७ सांगते. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प सरकारने पैसे देऊन करवून घेतले होते. ते १९७९ साली उतरवून टाकले गेले. तेव्हा, शिल्प आमच्या मालकीचे, आम्ही त्याचे काहीही करू, ही भूमिका न्यायालयात टिकली नाही. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सहगल यांच्या बाजूने निकाल दिला. घर बांधून घेणारा घराचा मालक होतो, म्हणून तो गवंडी होत नाही. डर्बीशायर यांना बीबीसीने पगार दिला याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. नाव का दिले नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि नाव द्यायला एक पौंडही खर्च येत नव्हता.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे, म्हणून तो मला अधिक अस्वस्थ करतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनी कुठे नावे कोरली, असे आपल्याकडे अभिमानाने विचारले जाते. नावाचा सोस पाश्चात्त्यांचा, आपली परंपरा समर्पणाची. हे ऐकायला उदात्त वाटते, पण अजिंठ्याच्या भिंती नीट वाचल्या तर वेगळे दिसते. सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे आणि त्यात नाव आहे; ते वाकाटकांचा सचिव वराहदेव याचे, म्हणजे खर्च करणाऱ्याचे. अनामिक राहिला तो चित्रकार. वेरूळच्या कैलासाचे उदाहरण तर आपल्या वादाला इतके जवळचे आहे की, मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ग्रेनर यांचाच प्रश्न आठवला. राष्ट्रकूट कर्कराजाच्या बडोद्याच्या ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे: देवही ते पाहून थक्क झाले, आणि ज्या शिल्पकाराने ते घडवले तो स्वतःच, हे मी कसे केले, म्हणून विस्मयात पडला. ताम्रपटाला त्याचे आश्चर्य नोंदवावेसे वाटले, राजाचे नाव नोंदवावेसे वाटले. शिल्पकाराचे नाव मात्र त्यात नाही. याला समर्पण म्हणायचे तर ते कोणी कोणाच्या वतीने केले? आणि परंपरेचीच साक्ष काढायची असेल तर आपल्या अभंगांची का काढू नये? अहंकार सोडा असे आयुष्यभर सांगणाऱ्या संतांनी प्रत्येक अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ठेवली आहे. जनाबाई दळणकांडण करणारी दासी, पण ‘म्हणे नामयाची जनी’ हे ती सोडत नाही. ‘चोखा म्हणे’ हे दोन शब्द नसते, तर देवळाच्या पायरीशी अडवल्या गेलेल्या माणसाची रचना आज कोणाच्या नावावर गायली गेली असती, याची कल्पना करवत नाही. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याचे नाव दगडात आपोआप उरते. ज्याच्याकडे ती नाही त्याला ते ओळीत गुंफून ठेवावे लागते. टेपच्या जोडात नाव गुंफायची सोय नव्हती.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे ज्यांच्याशी माझी सहानुभूती आहे पण ज्यांचा युक्तिवाद मला मान्य नाही त्यांच्याकडे, वळायला हवे. डर्बीशायर यांच्या वाट्याला स्त्री म्हणून जे आले ते खरेच आहे. केंब्रिजमधून गणित आणि संगीत शिकून बाहेर पडल्यावर, १९५९ साली त्यांनी एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीकडे अर्ज केला, तेव्हा आम्ही स्टुडिओत बायकांना घेत नाही असे उत्तर त्यांना मिळाले. मॅडलेना फागान्दिनी यांची गोष्ट तर याहून बोचरी आहे. त्यांनी कार्यशाळेत घडवलेल्या दोन कार्यक्रमांच्या मध्ये वाजवायच्या एका ठेक्यावर, पुढे बीटल्सचे निर्माते म्हणून गाजलेल्या जॉर्ज मार्टिन यांनी वाद्ये चढवली आणि १९६२ साली त्याची तबकडी काढली. तबकडीवर कलाकाराचे नाव होते ‘रे कॅथोड’. असा कोणी माणूस नव्हता. खऱ्या स्त्रीच्या जागी एका काल्पनिक पुरुषाचे नाव छापले गेले. हे सगळे मान्य करूनही मी म्हणेन की, एकट्या प्रतिभावंत स्त्रीची कथा त्या खोलीवर नवा अन्याय करते. टार्डिस या कालयानाचा तो घरघरणारा, धापा टाकणारा आवाज हॉजसन यांनी एका उघड्या जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारेवर आईच्या घराची किल्ली घासून मिळवला. सुरुवातीच्या भागांवर त्यांचेही नाव नव्हते. व्हरांड्यात टेपा अंथरताना सोबत असलेल्या मिल्स यांचे नाव या कौतुकाच्या लेखांत कितीदा येते? बाटलीच्या बुचाच्या आवाजातून जॅझची लय काढणारे बेकर किती जणांना माहीत आहेत?

ओरॅम यांच्या वाट्याला तर याहून चमत्कारिक विस्मरण आले. लोकप्रिय लेखांत त्यांची आणि डर्बीशायर यांची सर्रास जोडी लावली जाते, जणू दोघी एका टेबलाशी बसून काम करत होत्या. वास्तविक ओरॅम यांनी कार्यशाळा सुरू झाल्यावर वर्षभराच्या आत, १९५९ च्या जानेवारीत, ती सोडली होती. डर्बीशायर तिथे आल्या १९६२ साली. ओरॅम यांनी बीबीसीत पाऊल टाकले १९४३ साली, रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधली जागा नाकारून. १९४८-४९ मध्ये त्यांनी दोन वाद्यवृंद, तबकड्या आणि मायक्रोफोन यांच्यासाठी एक रचना लिहिली. वाद्यवृंद वाजत असतानाच त्याचा आवाज यंत्रांनी बदलायचा, ही कल्पना त्या काळात कोणाच्या मनातही नव्हती. संस्थेने ती नाकारली. ती लोकांनी पहिल्यांदा ऐकली २०१६ साली, त्या गेल्यानंतर तेरा वर्षांनी. कार्यशाळा सोडल्यावर केंटमधल्या घरात त्यांनी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर रेषा काढून आवाज निर्माण करणारे यंत्र बांधले. आकार काढायचा आणि तो ऐकायचा. हे यंत्र आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयाकडे आहे. या बाईंना कोणाची सहनायिका करणे म्हणजे त्यांचे म्हणणे पुन्हा एकदा न ऐकणे होय.

नाव पुसले जाण्याने तोटा फक्त त्या व्यक्तीचा होत नाही. १९९८ साली कार्यशाळा बंद पडली. डर्बीशायर २००१ साली गेल्या, तेव्हा त्यांच्या घराच्या माळ्यावर २६७ टेपा सापडल्या, न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्ससारख्या पदार्थांच्या रिकाम्या खोक्यांत भरलेल्या. त्या पुढे मँचेस्टर विद्यापीठाकडे गेल्या. कोणती टेप कशासाठी केली, कोणता आवाज कशातून आला, हे त्यानंतर अभ्यासकांना गुप्तहेरासारखे शोधावे लागले. हिरव्या रंगाची एक धातूची लॅम्पशेड वाजवून, ठोक्याचा पहिला आघात कापून टाकून, उरलेल्या घुमाऱ्यातले स्वर वेगळे करून डर्बीशायर यांनी सहारातल्या तुआरेग लोकांच्या माहितीपटासाठी वाळवंटाच्या झळा आवाजात आणल्या. ही रीत आज आपल्याला माहीत आहे, कारण त्यांनी ती मुलाखतीत सांगितली. ज्यांना कोणी विचारलेच नाही त्यांच्या रीती त्यांच्याबरोबर गेल्या. आपल्याकडेही अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला होता, गीता साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर रचना केल्या होत्या. अर्धशतक त्याचा मागमूस नव्हता. ब्रिटिश संगीतकार-संशोधक पॉल पर्गस यांना त्या टेपा संस्थेच्या संग्रहात सापडल्या आणि २०२३ साली त्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा कुठे भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासाचे एक प्रकरण जागेवर आले.

आणि मुंबईच्या सिनेसंगीताचे काय? १९५४ सालच्या ‘नागिन’मधली पुंगी हेमंतकुमार यांच्या नावाने देशभर डोलली, ती मुख्यतः क्लॅव्हियोलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती कल्याणजी यांनी, जे पुढे स्वतः संगीतकार म्हणून गाजले म्हणून ती गोष्ट उरली. जे गाजले नाहीत त्यांचे काय झाले? गोव्यातून आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी हिंदी गाण्यांचे वाद्यवृंद लिहिले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना सेबॅस्टियन डिसोझा यांनी जो वाद्यमेळ दिला त्याशिवाय ती गाणी ऐकायची कल्पना करून पाहावी. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. शिष्याने १९७७ साली एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले आणि ते अख्ख्या देशाने नाचत गायले. पण हे नाव तेव्हा हयात असलेल्या एका खऱ्या माणसाचे आहे आणि तो गोव्याचा संगीतकार आहे, हे गाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते? इथेही चाल संगीतकाराचीच होती, हे कोणी नाकारत नाही. पण गाणे म्हणजे फक्त चाल, असे मानणारा श्रोता मला अजून भेटायचा आहे.

मी हे पोटतिडकीने लिहितो आहे त्याला एक कारण आहे. विद्यार्थिदशेत मी एका नभोवाणी केंद्रावर श्रुतिकांमध्ये लहानसहान कामे करायला जात असे. तिथे आवाजाची बाजू सांभाळणारे एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना नाना म्हणत. करवंट्यांचे घोडे आणि सुपातल्या वाटाण्यांचा पाऊस ही तर त्यांची रोजची कामे. एका नाटकात शेवटी वाड्याची दिंडी लागते आणि मुलगी कायमची बाहेर राहते असा प्रसंग होता. इफेक्ट्सच्या तबकडीत दार होते, ते आम्हा सगळ्यांना चालण्यासारखे वाटले. नाना म्हणाले, “हे साहेबाच्या बंगल्याचं दार आहे. याला कुलूप आहे, कडी नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या बाजारातून कडीकोयंडा आणला, सागवानी फळीवर ठोकला, आणि कडी कोयंड्यात पडण्याआधी एकदा चुकते, लोखंडावर लोखंड घासते आणि मग बसते, असे ते त्यांनी सात-आठ वेळा करून पाहिले. लावणाऱ्याचा हात थरथरतो आहे हे त्या चुकलेल्या खटक्यातून कळत होते. लेखकाने संहितेत लिहिले होते फक्त ‘दार लागल्याचा आवाज’. त्या आईच्या मनात काय चालले आहे हे नाटकात दुसरे कुठेच नव्हते, ते त्या कडीत होते. हे तांत्रिक साहाय्य होते असे मला कोणी पटवून द्यावे.

म्हणून माझी मागणी पुतळ्यांची नाही. आपल्याकडच्या नभोवाणी केंद्रांतल्या जुन्या टेपा आता संगणकावर उतरवल्या जात आहेत. प्रत्येक कार्यक्रमाच्या नोंदीत लेखक, निर्माता, गायक, वादक यांचे रकाने असतात. त्यात आवाज कोणी घडवले आणि कशातून घडवले, असे आणखी दोन रकाने घालावेत, आणि ते भरू शकणारी जी माणसे अजून हयात आहेत त्यांच्याकडे ध्वनिमुद्रक घेऊन बसावे. ही माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. यंत्राने केलेले संगीत, यंत्रामागचे हात, कल्पना कोणाची आणि कारागिरी कोणाची, या प्रश्नांवर आज जे तावातावाने बोलतात त्यांनी आपल्या गावातल्या एका तरी टेपेपासून सुरुवात करावी.

ती श्रुतिका काही वर्षांनी पुन्हा लागली तेव्हा मी घरी बसून ऐकली. कडी चुकली, घासली आणि बसली; आवाज जसाच्या तसा होता. मग नावे वाचली गेली: लेखक, निर्माता, सहभागी कलाकार. दोन वाक्यांच्या भूमिकेसाठी माझेही नाव आले, आडनावासकट. नानांचे पूर्ण नाव काय, हे मी तिथल्या तीन वर्षांत कधी विचारले नव्हते, आणि त्या दिवशीही ते कळले नाही.